गेस्टाल्ट उपचारपद्धती आणि नात्यातील बांधिलकी : एका विचारप्रवाहाचा इतिहास

प्रास्ताविक

फ्रिट्झ पर्ल्स (१८९३–१९७०) यांच्या नावावर ग्रंथ अनेक असले, तरी सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचला तो त्यांचा अवघ्या काही ओळींचा एक मजकूर. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गेस्टाल्ट थेरपी व्हर्बॅटिम’ या ग्रंथात तो आला आणि पुढे ‘गेस्टाल्ट प्रार्थना’ या नावाने अमेरिकेत भित्तिपत्रकांवर व शुभेच्छापत्रांवर छापला गेला. दोन स्वतंत्र व्यक्ती आपापल्या वाटेने चालतात, एकीने दुसरीच्या अपेक्षांचे ओझे वाहू नये, गाठ पडली तर आनंद आणि न पडली तर इलाज नाही, असा त्याचा साधारण आशय आहे. ज्या वर्षी हा मजकूर छापला गेला त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने दोषसिद्धीविना घटस्फोट देणारा कौटुंबिक कायदा संमत केला व १ जानेवारी १९७० पासून तो अमलात आला. अमेरिकेतील घटस्फोटांचे प्रमाण १९६० साली दर हजार लोकसंख्येमागे सुमारे २.२ होते, १९८० च्या सुमारास ते ५.२ पर्यंत गेले. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे ठरेल, कारण समाज कवितेमुळे बदलत नाही. परंतु टीकाकारांनी तो जोडला, आणि गेस्टाल्ट उपचारपद्धती म्हणजे नात्यातून सुटका करून घेण्याचे शास्त्र, असा समज रूढ झाला.

हा समज कितपत खरा आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी उपचारतंत्रांची चर्चा बाजूला ठेवून या विचाराचा इतिहास पाहावा लागतो. तो पाहताना असे आढळते की, या पद्धतीच्या उगमापासूनच नातेसंबंधाविषयी दोन वेगवेगळे सूर तिच्यात वाजत होते. एक सूर फ्रिट्झ यांचा. दुसरा त्यांच्या पत्नी लॉरा पर्ल्स (१९०५–१९९०) यांचा. पहिला सूर ग्रंथांतून, चित्रफितींतून व व्याख्यानांतून जगभर गेला; दुसरा दीर्घकाळ शिकवणीच्या खोलीतच राहिला.

फ्रँकफर्ट : जखमी सैनिकांची शिकवण

‘गेस्टाल्ट’ या जर्मन शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. आकार, घडण, सुसंगत समग्र रूप अशा अर्थच्छटा त्यात एकवटल्या आहेत. ख्रिस्तियान फॉन एरेनफेल्स यांनी १८९० साली ‘गेस्टाल्टगुण’ ही कल्पना मांडली. एखादी सुरावट सगळे सूर बदलून वरच्या पट्टीत गायली तरी आपण ती ओळखतो; म्हणजे सुरावट ही सुरांच्या बेरजेहून निराळी वस्तू आहे. १९१२ साली मॅक्स वर्दायमर यांनी भासमान गतीवरील संशोधन प्रसिद्ध केले. त्या प्रयोगांतील प्रयुक्त होते वोल्फगांग कोहलर आणि कुर्ट कोफ्का, आणि हे त्रिकूट पुढे गेस्टाल्ट मानसशास्त्राचे संस्थापक म्हणून ओळखले गेले. आपल्याकडील पदवी परीक्षेच्या पाठ्यपुस्तकांत हा भाग नेहमी येतो, म्हणून तो येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. आकृती आणि पार्श्वभूमी यांचा संबंध एवढी एकच संकल्पना मात्र ध्यानात ठेवावी, कारण लेखाच्या उत्तरार्धात तिच्यावरच बरेच काही अवलंबून आहे.

उपचारपद्धतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे नाव कुर्ट गोल्डस्टाइन यांचे आहे. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी त्यांनी फ्रँकफर्ट येथे संस्था उभारली. मानसशास्त्रज्ञ आडेमार गेल्ब यांच्या सहकार्याने त्यांनी या सैनिकांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले. त्यांतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. मेंदूचा एखादा भाग निकामी झालेला सैनिक केवळ त्या भागाचे कार्य गमावत नसे. त्याचे संपूर्ण जगणे नव्याने मांडले जात असे. न झेपणारे काम समोर आले की तो सैरभैर होई, घामाघूम होई, चिडे. गोल्डस्टाइन यांनी या अवस्थेला ‘आपत्तीची प्रतिक्रिया’ म्हटले. उलट भोवताल आटोपशीर असेल, वस्तू जागच्या जागी असतील, अंगावर पडणारे काम झेपणारे असेल, तर तोच सैनिक शांतपणे व आश्चर्यकारक कौशल्याने जगू शके. माणसाची क्षमता ही त्याच्या कातडीच्या आत बंद असलेली ठेव नव्हे, ती माणूस आणि भोवताल यांच्या जुळणीत असते, असा याचा अर्थ होतो. १९३३ साली नाझी राजवटीत गोल्डस्टाइन यांना अटक झाली. देश सोडण्याच्या अटीवर सुटका झाल्यावर त्यांनी अॅमस्टरडॅम येथील आश्रयकाळात आपला प्रमुख ग्रंथ लिहिला आणि तो १९३४ साली प्रसिद्ध झाला.

फ्रिट्झ पर्ल्स १९२६ साली गोल्डस्टाइन यांच्याकडे साहाय्यक म्हणून आले. ते स्वतः पहिल्या महायुद्धातील खंदकांत लढलेले बर्लिनचे डॉक्टर होते. तेथेच त्यांची गाठ लोरे पोसनर या विद्यार्थिनीशी पडली. फोर्त्सहाइम या गावच्या सधन ज्यू कुटुंबातील ही मुलगी पियानो वाजवी आणि नृत्य व शारीरिक लयीचे शिक्षण घेतलेली होती; गेल्ब यांच्या मार्गदर्शनाखाली तिने १९३२ साली डॉक्टरेट मिळविली. मार्टिन बूबर आणि पॉल टिलिख यांची व्याख्याने तिने फ्रँकफर्टमध्ये ऐकली. बूबर यांचा ‘मी आणि तू’ हा ग्रंथ १९२३ सालचा. समोरच्या माणसाला वापराची वस्तू न मानता ‘तू’ म्हणून सामोरे जाणे, हा त्याचा गाभा. १९३० साली लोरे व फ्रिट्झ यांचा विवाह झाला. पुढे इंग्रजी भाषिक जगात लोरे ‘लॉरा’ झाल्या.

या टप्प्यावर एक निरीक्षण नोंदविणे आवश्यक वाटते. गोल्डस्टाइन यांच्याकडून पतिपत्नी दोघेही शिकले, पण दोघांनी वेगळे शिकले. फ्रिट्झ यांनी जीवाची स्वयंनियमनाची शक्ती उचलली. लॉरा यांनी त्या शक्तीला लागणारा आधार उचलला.

जोहान्सबर्ग : घास चावण्याचा सिद्धांत

१९३३ साली हे कुटुंब अॅमस्टरडॅमला पळाले आणि पुढील वर्षी अर्नेस्ट जोन्स यांच्या साहाय्याने दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे पोहोचले. तेथे त्यांनी १९३५ साली मनोविश्लेषणाची संस्था स्थापन केली. १९३६ साली मारिएनबाड येथील आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण परिषदेत फ्रिट्झ यांनी ‘मौखिक प्रतिरोध’ या विषयावर निबंध वाचला. त्याचे स्वागत थंड झाले. फ्रॉइड यांच्याशी झालेली भेटही दारातल्या दोनचार वाक्यांपलीकडे गेली नाही, आणि हा सल फ्रिट्झ यांनी आयुष्यभर बाळगला.

निबंधाचा विषय कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. लॉरा यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले की आपल्या मुलांचे स्तन्यपान, दूध तोडणे आणि पहिले घन अन्न यांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले होते. त्या टिपणांतून हा विचार वाढला. मूल दूध गिळते, पण दात आल्यावर त्याला अन्न तोडावे, चावावे, कधी थुंकून टाकावे लागते. मनाचेही तसेच. आईवडील, धर्म, शाळा यांच्याकडून आलेल्या ‘असे वाग’, ‘असे वागू नकोस’ या आज्ञा न चावता गिळल्या तर त्या रक्तात मिसळत नाहीत. पोटात दगडासारख्या राहतात. याला अंतःक्षेपण म्हटले गेले. चावण्यात एक प्रकारची आक्रमकता असते आणि ही आक्रमकता निरोगी आहे, हे फ्रॉइडीय विचारापेक्षा वेगळे प्रतिपादन होते.

हाच विषय १९४२ साली डर्बन येथे प्रसिद्ध झालेल्या ‘इगो, हंगर अँड अॅग्रेशन’ या ग्रंथात विस्तारला. त्यातील काही प्रकरणे लॉरा यांनी लिहिली होती, असे त्यांनी नंतर स्पष्ट केले. पहिल्या आवृत्तीत त्यांच्या साहाय्याचा उल्लेख होता. नंतरच्या अमेरिकन आवृत्तीतून तो गेला. नवऱ्याच्या ग्रंथात विरघळून गेलेल्या बायकोच्या कामाची ही कथा विचारांच्या इतिहासात अपवादात्मक नाही. मात्र नातेसंबंधाच्या सिद्धांताचा इतिहास लिहिताना ती तळटीपेत ढकलता येत नाही. देणे आणि घेणे यांचे गणित कोठे बिघडते, हा प्रश्न लॉरा यांना घरातच भेटला असला पाहिजे. १९५३ साली त्यांनी लिहिलेल्या मोजक्या निबंधांपैकी एकाचा विषय देण्याघेण्याचे मानसशास्त्र हाच होता, हा योगायोग म्हणून सोडून देणे कठीण जाते.

नात्याच्या संदर्भात चावण्याच्या सिद्धांताचा अर्थ असा : जोडीदाराविषयीच्या कल्पनाही बहुधा न चावता गिळलेल्या असतात. चांगली पत्नी कशी असावी, खरा पुरुष रडतो की नाही, प्रेम असेल तर सांगावे का लागावे, हे सारे घास दुसऱ्याने भरविलेले असतात. दोन माणसे एकत्र राहू लागतात तेव्हा प्रत्यक्षात दोन घराण्यांचे न पचलेले नियम एका स्वयंपाकघरात येतात.

१९५१ चा ग्रंथ आणि संपर्कसीमा

फ्रिट्झ १९४६ साली न्यूयॉर्कला गेले. लॉरा दोन मुलांसह १९४७ साली तेथे पोहोचल्या. १९५१ साली ‘गेस्टाल्ट थेरपी : एक्साइटमेंट अँड ग्रोथ इन द ह्यूमन पर्सनॅलिटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक म्हणून फ्रिट्झ पर्ल्स, कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक राल्फ हेफरलाइन आणि लेखक-विचारवंत पॉल गुडमन अशी तीन नावे आहेत. सैद्धांतिक भाग मुख्यतः गुडमन यांच्या लेखणीतून उतरला. लॉरा चर्चागटात होत्या, मुखपृष्ठावर नव्हत्या. पद्धतीच्या नावावरही त्यांचा आक्षेप होता. त्यांना ‘अस्तित्ववादी’ हे विशेषण जवळचे वाटे, परंतु त्या काळी सार्त्र यांच्यामुळे अस्तित्ववादाला नकारात्मकतेचा वास येत असल्याने ते मागे पडले. गेस्टाल्ट मानसशास्त्रज्ञांनाही हे नाव रुचले नाही. मेरी हेन्ली यांनी १९७५ साली अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेपुढे केलेल्या भाषणात दोहोंत नावाशिवाय फारसे साम्य नसल्याचे ठणकावून सांगितले. त्यांचे म्हणणे काटेकोर शास्त्रीय दृष्टीने बरेचसे बरोबर आहे. पण गोल्डस्टाइन यांचा दुवा त्यांनी जेवढा क्षीण मानला तेवढा तो नाही.

या ग्रंथाची मध्यवर्ती संकल्पना ‘संपर्क’ ही आहे. ‘स्व’ ही वस्तू माणसाच्या आत कोठेतरी ठेवलेली नाही. माणूस आणि भोवताल जेथे भेटतात त्या सीमेवर ती घडत असते. सीमा हा शब्द आपण कुंपणाच्या अर्थाने वापरतो. येथे त्याचा अर्थ त्वचेसारखा आहे. त्वचा वेगळे करते आणि त्वचाच स्पर्श शक्य करते. सीमाच नसेल तर भेट कोणाची कोणाशी होणार? आणि सीमा दगडी असेल तरी भेट होणार नाही. निरोगी नाते याची या विचारातील व्याख्या इतकी साधी आहे : जेथे दोन माणसे वेगळी राहून भेटू शकतात आणि भेटून पुन्हा वेगळी होऊ शकतात, ते.

संपर्कात येणारे अडथळे ग्रंथात सविस्तर वर्णिले आहेत. अंतःक्षेपणाचा उल्लेख वर आला आहे. आपल्या मनातील राग दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचणे हे प्रक्षेपण. दुसऱ्याला उद्देशून असलेली कृती स्वतःवरच वळविणे हे प्रतिवर्तन. ज्याला ओरडायचे असते तो ओठ चावतो, जिला जवळ घ्यावेसे वाटते ती स्वतःचेच हात घट्ट धरून बसते. या सर्वांत दांपत्यजीवनाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण आहे ती एकरूपता, म्हणजे सीमाच पुसून टाकणे. दोघांना सारखेच आवडले पाहिजे, सारखेच वाटले पाहिजे, मतभेद म्हणजे विश्वासघात, असा अलिखित करार येथे असतो. अपराधी भावना आणि धुमसता राग ही हा करार मोडल्याची दोन चिन्हे होत, असे ग्रंथ सांगतो. करार मी मोडला असे वाटले की अपराधी वाटते. त्याने मोडला असे वाटले की राग धुमसतो. दोन्ही वेळा करार कायम राहावा हीच इच्छा असते. आपल्याकडे नवदांपत्याला ‘एकजीव व्हा’ असा आशीर्वाद देण्याची रीत आहे. तो आशीर्वाद चुकीचा आहे असे नव्हे. संपर्काच्या अत्युच्च क्षणी सीमा विरघळतेच, हे गुडमनही मान्य करतात. अडचण येते ती त्या क्षणालाच कायमचा मुक्काम समजण्यातून.

धुमसणाऱ्या रागाचा संबंध अपूर्ण राहिलेल्या गोष्टींशी आहे. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या मार्गदर्शनाखाली ब्लूमा झाइगार्निक यांनी १९२७ साली दाखवून दिले होते की मध्येच थांबविलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात. पर्ल्स यांनी हे निरीक्षण भावनांना लावले. न बोललेला राग, न घेतलेला निरोप, न मागितलेली गोष्ट आकृती म्हणून पुन्हा पुन्हा पुढे येते आणि समोरच्या माणसाला झाकून टाकते. त्यांच्या मते तक्रारीच्या पोटात बहुधा एक मागणी दडलेली असते. ती उच्चारली गेली की ती मान्य करता येते किंवा नाकारता येते. उच्चारलीच नाही तर मात्र दोन्ही शक्यता उरत नाहीत.

इतके समृद्ध विवेचन करणाऱ्या या ग्रंथात एक उणीव मात्र आहे. संपर्काचे चार टप्पे त्यात सांगितले आहेत : पूर्वसंपर्क, संपर्कप्रक्रिया, अंतिम संपर्क आणि संपर्कोत्तर अवस्था. पहिल्या तिघांना भरपूर पाने मिळाली. चौथ्याचे विवेचन अगदीच थोडक्यात उरकले आहे. भेट संपल्यावर काय उरते, ते कोठे साठते, पुढच्या भेटीला ते कसे उपयोगी पडते, या प्रश्नांना तेथे जवळजवळ उत्तर नाही. सिद्धांत भेटींचा झाला, नात्याचा झाला नाही. नाते ही भेटींची बेरीज नव्हे, हे एरेनफेल्स यांच्या सुरावटीवरूनच या मंडळींना सुचायला हवे होते.

इसालेनचे पर्व

१९५२ साली न्यूयॉर्क गेस्टाल्ट संस्था व १९५४ साली क्लीव्हलँडची संस्था स्थापन झाली. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून फ्रिट्झ न्यूयॉर्कबाहेर राहू लागले. १९६४ पासून कॅलिफोर्नियातील इसालेन हे त्यांचे केंद्र बनले. लॉरा न्यूयॉर्कमध्येच राहिल्या व संस्था चालवीत राहिल्या. दोघांनी घटस्फोट घेतला नाही.

या काळातील फ्रिट्झ यांची कार्यपद्धती १९६५ साली प्रसृत झालेल्या एका शैक्षणिक चित्रपटात पाहायला मिळते. एव्हरेट शोस्ट्रॉम यांनी तयार केलेल्या या चित्रपटात एकच तरुण घटस्फोटित स्त्री कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस या तिघांशी क्रमाने बोलते. तिघांपैकी एलिस मराठी वाचकाला कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचित आहेत. पर्ल्स या चित्रपटात त्या स्त्रीच्या हसण्यावर, पाय हलविण्यावर, कोपऱ्यात दडण्याच्या इच्छेवर बोट ठेवतात आणि तिचे वागणे खोटे असल्याचे तिला तोंडावर सांगतात. ती संतापते, तो संताप हाच खरा संपर्क, असा त्यांचा दावा दिसतो. नाट्य म्हणून हा भाग प्रभावी आहे. परंतु तो पाहताना तिच्या पायाखाली जमीन किती उरली आहे, याची चौकशी कोणी करीत नाही, हे लक्षात आल्यावाचून राहत नाही.

‘व्हर्बॅटिम’मध्ये फ्रिट्झ यांनी परिपक्वतेची व्याख्या केली आहे : भोवतालच्या आधाराकडून स्वतःच्या आधाराकडे जाणे. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेली ‘प्रार्थना’ ही याच व्याख्येची लोकप्रिय आवृत्ती होय. येथे फ्रँकफर्टच्या सैनिकांचा धडा पूर्णपणे उलटा झाला आहे. ज्या सैनिकाचा भोवताल त्याला सावरत होता, त्याला ‘स्वतःच्या पायावर उभा राहा’ असे सांगितले तर काय होईल, हे गोल्डस्टाइन यांनी लिहून ठेवलेच होते. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की याच ग्रंथाच्या आरंभी फ्रिट्झ यांनी झटपट आनंद आणि झटपट उपचार विकणाऱ्यांवर कडक टीका केली आहे. तसेच युद्ध, निर्वासन आणि मनोविश्लेषकांच्या वर्तुळातील उपेक्षा यांतून गेलेल्या माणसाने कोणावरही विसंबू नये असे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण समजण्यासारखे असणे वेगळे आणि सिद्धांत म्हणून ग्राह्य असणे वेगळे.

प्रत्युत्तरही लवकर आले. १९७२ साली वॉल्टर टब्स यांनी मानवतावादी मानसशास्त्राच्या नियतकालिकात ‘पर्ल्स यांच्या पलीकडे’ या अर्थाच्या शीर्षकाची एक छोटी रचना प्रसिद्ध केली. आपापल्या वाटेने जाणाऱ्या दोघांची गाठ योगायोगाने पडत नसते, त्यासाठी हात पुढे करावा लागतो, हा तिचा रोख होता.

आशावाद : बदलाचा विरोधाभास

आशावादाविषयी या पद्धतीची भूमिका समजून घेण्यासाठी आर्नॉल्ड बायसर यांच्याकडे वळावे लागते. उत्तम टेनिस खेळणारा हा तरुण डॉक्टर १९५० साली पोलिओने आजारी पडला, मानेखालचे शरीर लुळे झाले आणि श्वास चालू ठेवण्यासाठी त्याला लोखंडी फुप्फुसयंत्रात ठेवावे लागले. पुढे ते मनोविकारतज्ज्ञ झाले. १९७० साली ‘बदलाचा विरोधाभासी सिद्धांत’ या नावाचा त्यांचा अवघ्या काही पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. गेस्टाल्ट साहित्यात तो आजही सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या लेखनापैकी एक आहे. माणूस जो नाही तो होण्याची धडपड करतो तोवर बदलत नाही. तो जो आहे तो पूर्णपणे झाला की बदल घडतो, असे त्यांचे सूत्र.

हे सूत्र चाकांच्या खुर्चीवरून लिहिले गेले आहे, हे ध्यानात घेतले की त्याचा अर्थ बदलतो. येथील आशावाद ‘सगळे चांगले होईल’ असा नाही. पाय परत येणार नव्हते. जे आहे त्याला सामोरे गेल्यावर जीव त्या परिस्थितीशीही सर्जनशील समायोजन साधतो, एवढाच विश्वास येथे आहे. दांपत्याला हे लावून पाहिले तर जोडीदाराला सुधारण्याचा प्रकल्प हाच बहुधा नात्यातील सर्वांत मोठा अडथळा ठरतो. नवरा अबोल आहे, ही वस्तुस्थिती दोघांनीही प्रथम पाहावी लागते. तो अबोल असण्याचा अनुभव त्याच्या बाजूने कसा आहे आणि तिच्या बाजूने कसा, हे बोलले गेले की कित्येकदा अबोला आपोआप सैल होतो. मात्र या सूत्राचा आधार घेऊन मारझोड किंवा छळ ‘स्वीकारण्याचा’ सल्ला कोणी देत असेल तर तो बायसर यांचा विपर्यास होय. वस्तुस्थिती पूर्णपणे पाहणे म्हणजे छळाला छळ म्हणणेही आलेच.

क्लीव्हलँड आणि पार्श्वभूमीचा शोध

दांपत्यांसोबतच्या कामाला खरे रूप आले ते क्लीव्हलँडमध्ये. जोसेफ झिंकर आणि सोनिया नेविस यांनी तेथे निकटच्या नात्यांच्या अभ्यासासाठी केंद्र उभे केले. त्यांनी केलेला पहिला बदल दृष्टीचा होता : समोर दोन रुग्ण बसलेले नाहीत, दोघांच्या मध्ये घडणारी एक तिसरी वस्तू आहे, आणि पाहायचे ते तिच्याकडे. दोघांनी परस्परांशी बोलावे, उपचारकाने काही काळ केवळ पाहावे. दुसरा बदल क्रमाचा होता. पाहून झाल्यावर उपचारक प्रथम सांगतो ते ही जोडी काय चांगले करते ते. उदाहरणार्थ, दोघे एकमेकांना पूर्ण बोलू देतात, घाई करीत नाहीत. मग त्याच गुणाची दुसरी बाजू : इतके जपून बोलतात की तापलेला मुद्दा कधी पुढेच येत नाही. दोष हा गुणाचाच जास्त ताणलेला भाग आहे असे कळले की माणसाला लाज वाटण्याचे कारण उरत नाही आणि ऐकण्याची ताकद येते. चित्रपटातील पर्ल्स यांच्याशी हे ताडून पाहिले की तीस वर्षांत या पद्धतीने केवढे अंतर कापले याची कल्पना येते. झिंकर यांचा ‘इन सर्च ऑफ गुड फॉर्म’ हा ग्रंथ १९९४ सालचा. ते स्वतः चित्रकार होते; चांगल्या नात्याला त्यांनी नीतीचे निकष न लावता घडणीचे निकष लावले, याचे कारण कदाचित तेच असावे. त्याच वर्षी गॉर्डन व्हीलर व स्टेफनी बॅकमन यांनी संपादित केलेला दांपत्योपचारावरील लेखसंग्रहही प्रसिद्ध झाला.

बांधिलकीच्या प्रश्नाला सैद्धांतिक उत्तर देण्याचे श्रेय मात्र व्हीलर यांच्या १९९१ सालच्या ‘गेस्टाल्ट रीकन्सिडर्ड’ या ग्रंथाकडे जाते. १९५१ चा सिद्धांत आकृतीत अडकला, हा त्यांचा मुख्य आक्षेप. या क्षणी काय ठळक आहे, कोणती गरज पुढे आली आहे, तिची पूर्ती कशी झाली, एवढ्यावरच सगळी नजर राहिली. ज्या पार्श्वभूमीवर ही आकृती उमटते तिची घडण कोणी पाहिलीच नाही. आणि बांधिलकी ही स्वभावतःच पार्श्वभूमीची गोष्ट आहे. ती रोज दिसत नाही. सकाळच्या चहाच्या वेळी नवराबायकोत भांडण होते तेव्हा आकृती भांडणाची असते. परंतु ते भांडण होऊ शकते, आवाज चढू शकतो, कारण संध्याकाळी दोघेही याच घरी परतणार हे खाली कोठेतरी गृहीत असते. ती जमीन नसेल तर माणूस भांडत नाही, एकतर गप्प बसतो किंवा निघून जातो. व्हीलर यांचे विवेचन येथवर आणले की ‘या क्षणात जगा’ या गेस्टाल्टच्या गाजलेल्या उपदेशाची मर्यादा कळते. निव्वळ क्षणाला वचन देता येत नाही. वचनासाठी काल आणि उद्या दोन्ही लागतात.

हे सारे लॉरा पर्ल्स चार दशके आपल्या विद्यार्थ्यांना वेगळ्या शब्दांत सांगत होत्या. त्यांचे सूत्र होते : जेवढा आधार, तेवढाच संपर्क. आधार म्हणजे त्यांच्या लेखी अगदी शारीरिक गोष्टींपासून सुरुवात. श्वास, बसण्याची ठेवण, पाठीचा कणा, आवाजाची लय. मग भाषा, सवयी, शिक्षण, आजवर पचलेले अनुभव. आधारावाचून आलेली उत्तेजना चिंता बनते. पुरेसा आधार असेल तर तीच उत्तेजना उत्सुकता होते. म्हणून त्या रुग्णाला एकदम उघडे पाडीत नसत. लहान पावले टाकायला लावीत. त्यांचे लिखाण थोडे आहे आणि ते ‘लिव्हिंग अॅट द बाउंडरी’ या संग्रहात त्यांच्या मृत्यूनंतर, १९९२ साली एकत्र झाले. त्यात सर्जनशीलता आणि मृत्यूची जाणीव यांची गाठ त्यांनी घातली आहे. आयुष्याला मर्यादा आहे म्हणूनच निवड करावी लागते. सर्व शक्यता खुल्या ठेवणाऱ्या माणसाला कोणतीच शक्यता पूर्ण जगता येत नाही.

फ्रिट्झ यांचे १४ मार्च १९७० रोजी शिकागो येथील रुग्णालयात निधन झाले. शेवटच्या आजारात लॉरा न्यूयॉर्कहून तेथे गेल्या होत्या. त्यानंतर वीस वर्षे त्या शिकवीत राहिल्या. मे १९८५ मध्ये ‘गेस्टाल्ट जर्नल’च्या वार्षिक परिषदेचे उद्घाटनपर भाषण त्यांना करावयाचे होते. वय एकोणऐंशी. अर्धशतकाचे निर्वासन, जवळजवळ मोडलेला पण कधीही न सोडलेला संसार, आणि ज्याच्या मुखपृष्ठावर आपले नाव नाही असा ग्रंथ पाठीशी घेऊन त्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या. भाषणासाठी त्यांनी निवडलेला विषय एका शब्दाचा होता : बांधिलकी.